दोन जिवांचे अन्न
(नभोवाणीवरील भाषण)



गर्भवती स्त्रीस आपल्या भाषेत ‘दोन जिवांची’ म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. परंतु त्यावरून लोक जी अनुमाने काढतात ती सर्वच बरोबर असतात असे नाही. एका घरी तिला सांगण्यात येते, “आता दोघांचे जेवायला हवे,” आणि तिच्या पानात दुप्पट वाढले जाते. दुसऱ्या घरी, विशेषतः सातवा महिना उलटल्यावर, नेमका उलट उपदेश होतो: “अन्न जरा आवर, मूल फार वाढले तर बाळंतपण अवघड जाईल.” प्रसूती झाल्यावर पुन्हा दोन मते पुढे येतात. आजीबाई तुपाची बरणी उघडून बसतात, आणि शहरातील तरुण माता आरशासमोर उभी राहून वजन कसे उतरेल याची चिंता करू लागते. हे सर्व उपदेश प्रेमाने दिलेले असतात यात संशय नाही. पण परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात आणि मूल अंगावर पीत असताना स्त्रीने किती खावे, याचा हिशेब आज आपण शांतपणे करून पाहू.

हिशेब म्हटला की माप आले. अन्नापासून मिळणाऱ्या शक्तीचे माप म्हणजे उष्मांक. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते तेवढा एक उष्मांक. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर सुमारे चार उष्मांक देते, एक ग्रॅम प्रथिनही चारच देते, आणि एक ग्रॅम तेल किंवा तूप नऊ देते. तुपाचा एक लहान चमचा पंचेचाळीस उष्मांकांचा आणि साखरेचा तसाच चमचा वीस उष्मांकांचा का, हे यावरून ध्यानात येईल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली आपल्या देशासाठी आहाराची परिमाणे नव्याने ठरविली. पंचावन्न किलो वजनाची, बैठे काम करणारी प्रौढ स्त्री असेल तर तिला दिवसास १,६६० उष्मांक लागतात. मध्यम श्रम करणारीस २,१३० आणि कष्टाचे काम करणारीस २,७२० लागतात. गरोदरपणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत यांत ३५० उष्मांकांची भर घालावयाची. प्रसूतीनंतर पहिले सहा महिने, मूल केवळ आईच्या दुधावर असताना, ही भर ६०० ची होते, आणि पुढील सहा महिने ५२० ची.

इतर देशांतील आकडे थोडे निराळे आहेत. ब्रिटनमध्ये केवळ शेवटच्या तीन महिन्यांत २०० उष्मांकांची भर पुरेशी मानतात. अमेरिकेत शेवटच्या तिमाहीत सुमारे ४५० सांगतात. असा फरक पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. स्त्री किती श्रम करते, गरोदर होण्यापूर्वी तिचे वजन किती होते आणि पोट जड झाल्यावर तिची हालचाल किती कमी होते, यांवर हा फरक अवलंबून असतो. पण एक गोष्ट सर्वत्र समान आहे. कोणत्याही देशाचे शास्त्र दुप्पट जेवावयास सांगत नाही. बैठे काम करणाऱ्या स्त्रीस ही भर तिच्या नित्याच्या अन्नाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढी होते, आणि मध्यम श्रम करणारीस सहाव्या हिश्श्याएवढी.

ही भर उत्तरार्धातच का, असा प्रश्न सहज मनात येईल. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ इतका लहान असतो की त्याच्या वाढीस लागणारी शक्ती नगण्य असते. शिवाय त्या काळात ओकाऱ्यांमुळे बहुतेकींचे अन्नावर मनही नसते. मधल्या तिमाहीत आईचे रक्त वाढते, गर्भाशय वाढतो आणि शरीर चरबीचा साठा करू लागते. शेवटच्या तिमाहीत प्रत्यक्ष मुलाचे वजन झपाट्याने वाढते, आणि आईच्या हृदयास व फुप्फुसांस दोघांचे काम करावे लागते. गरोदरपणात वजन बारा किलोंनी वाढले, तर संपूर्ण काळाचा जादा खर्च सुमारे ७७,००० उष्मांक होतो, असे जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी काढले आहे. त्या बारा किलोंपैकी मूल तीन-सव्वातीन किलोंचे, आणि चरबी तीन-साडेतीन किलोंची. बाकी वार, गर्भजल, रक्त, गर्भाशय आणि शरीरातील पाणी. ही चरबी निरुपयोगी ओझे नव्हे. पुढे दुधासाठी निसर्गाने घातलेली ती पुंजी होय.

आता हे ३५० उष्मांक आपल्या स्वयंपाकघरात शोधू. एक मध्यम पोळी, एक वाटी घट्ट वरण आणि एक पेला गाईचे दूध, एवढ्याने ते भरतात. दोन्ही वेळचे पान दुप्पट वाढण्याची गरज नाही, हे यावरून स्पष्ट होईल. मात्र शेवटच्या तिमाहीत प्रथिनांची भर बावीस ग्रॅमची लागते, आणि वरील तीन पदार्थांतून पंधरा-सोळा ग्रॅमच मिळतात. म्हणून नित्याच्या जेवणातील भात थोडा कमी करून त्या जागी एखादे अंडे, मटकीची उसळ किंवा मासा घ्यावा. या महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयाचा दाब जठरावर येतो. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते व छातीत जळजळते. यासाठी दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे, आणि जेवल्याबरोबर आडवे होऊ नये.

उपवासांविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गरोदर स्त्रीचे शरीर रात्रीच्या उपोषणानेच लवकर रित्या पोटाच्या अवस्थेस पोहोचते. तिच्या रक्तातील साखर इतरांहून लवकर उतरते. तेव्हा संकष्टी किंवा एकादशी या अवस्थेत बाजूस ठेवणे हेच इष्ट. साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास ‘भरून काढला’ असे पुष्कळजणी म्हणतात. साबुदाण्यात उष्मांक भरपूर असतात, पण प्रथिन जवळजवळ नसतेच. खिचडीत जे काही सत्त्व असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे.

आता त्या भीतीकडे वळू, जिच्यामुळे कित्येक घरांत शेवटच्या दोन महिन्यांत सुनेचे पान आखडते घेतले जाते. मूल मोठे होईल व बाळंतपण अडेल, ही ती भीती. ज्या काळी खेड्यात शस्त्रक्रियेची सोय नव्हती, त्या काळी ती उपजली याचे नवल नाही. परंतु अन्न तोडल्याने काय होते हे इतिहासाने दाखविले आहे. १९४४ च्या अखेरीपासून १९४५ च्या मे महिन्यापर्यंत, महायुद्धाच्या अंती, हॉलंडच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. माणशी शिधा दिवसास एक हजार उष्मांकांच्याही खाली गेला. ज्या मातांचे शेवटचे महिने या उपासमारीत गेले त्यांची मुले वजनाने स्पष्टपणे कमी भरली. ज्यांचे केवळ आरंभीचे महिने त्यात सापडले त्यांच्या मुलांचे जन्मवजन सावरले. पण त्यांच्यापैकी पुष्कळांस प्रौढ वयात स्थूलता व हृदयविकार यांनी गाठले, असे पुढे दिसून आले.

याच्या उलट बाजूचा पुरावा आफ्रिकेतील गांबिया देशाचा आहे. तेथील अठ्ठावीस खेड्यांत पाच वर्षे प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. गरोदर स्त्रियांना विसाव्या आठवड्याच्या सुमारापासून शेंगदाणे, तांदळाचे पीठ, साखर आणि शेंगदाण्याचे तेल यांची बिस्किटे रोज देण्यात आली. त्यांतून दिवसास सुमारे एक हजार उष्मांक मिळत. परिणाम असा झाला की, मुलांचे जन्मवजन सरासरीने १३६ ग्रॅमनी वाढले, आणि धान्य सरलेल्या कठीण महिन्यांत तर २०१ ग्रॅमनी. मृत जन्मणारी व पहिल्या आठवड्यात दगावणारी मुले जवळजवळ निम्म्याने कमी झाली. आणि ज्या डोक्याच्या आकाराची सर्वांना धास्ती, त्याचा घेर किती वाढला? अवघा तीन मिलिमीटर! अर्धपोटी स्त्रीस पोटभर अन्न दिल्याने प्रसूतीची वाट अडत नाही. मूल जगण्याची शक्यता मात्र वाढते. अडीच किलोंहून कमी वजनाच्या मुलास जगण्यासाठी अधिक झगडावे लागते, आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील शंभर मुलांपैकी अठरा अशी आढळली. म्हणून या भीतीचे निराकरण होणे अत्यंत निकडीचे आहे.

तथापि उष्मांक म्हणजे सर्वस्व नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा बारकाईने अभ्यास केला. या माता सरासरीने अवघ्या बेचाळीस किलो वजनाच्या होत्या, आणि त्यांची मुले सुमारे पावणेतीन किलोंची. आश्चर्य असे की, आईने एकंदर किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली याचा मुलाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा होती, त्यांची मुले मात्र अधिक चांगली वाढलेली होती. गांबियातील अनुभव व हा अनुभव परस्परविरोधी नाहीत. जेथे पोटच रिकामे आहे तेथे प्रथम पोट भरले पाहिजे. जेथे भाकरी मिळते पण भाकरीवाचून दुसरे काही मिळत नाही, तेथे भाजी, फळ व दूध यांची उणीव जाणवते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. गरोदरपणी ज्या स्त्रियांचे अंगमेहनतीचे काम अधिक, त्यांच्या मुलांचे वजन कमी. शेतातील खुरपणी, डोक्यावरून पाणी वाहणे, सरपण आणणे या कामांत आईचे उष्मांक खर्च होतात, आणि मुलाच्या वाट्याचे तेवढे उणे होतात. तेव्हा शेवटच्या महिन्यांत सुनेच्या डोक्यावरील घागर घरातील दुसऱ्या कोणी उचलली, तर तेही तिच्या पानात वाढण्यासारखेच आहे.

पालेभाजीचे महत्त्व सांगताना मुंबई शहराशी निगडित असलेला एक जुना प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका भयंकर पंडुरोगाचा शोध घेणे हे त्यांचे काम. यीस्टच्या अर्काने तो रोग बरा होतो असे त्यांनी दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ज्यास फोलिक आम्ल हे नाव पडले ते. आणि ते नाव पानास असलेल्या लॅटिन शब्दावरून आले, कारण १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. गरोदरपणी या द्रव्याची गरज दुपटीहून अधिक वाढते. पाहा, उष्मांक पाचव्या-सहाव्या हिश्श्याने वाढवावयाचे, पण हे सत्त्व दुपटीने! म्हणूनच ‘दोघांचे खा’ यापेक्षा ‘दोघांसाठी निवडून खा’ हा उपदेश खरा. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या व फोलिक आम्लाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. जेवणात लिंबू पिळावे, आणि जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण चहाने लोह अंगी लागत नाही.

येथवर अर्धपोटी राहणाऱ्या स्त्रीचा विचार झाला. पण आजच्या समाजात दुसरीही स्त्री आहे. उपर्युक्त पाहणीत देशातील शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ एकोणीस फाजील कृश आढळल्या, आणि चोवीस प्रमाणाबाहेर स्थूल. दोघींना एकच उपदेश कसा लागू पडावा? अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००९ साली वजनवाढीची परिमाणे ठरविली. कृश स्त्रीचे वजन साडेबारा ते अठरा किलोंनी, मध्यम बांध्याच्या स्त्रीचे साडेअकरा ते सोळा किलोंनी, जाड स्त्रीचे सात ते साडेअकरा किलोंनी आणि अतिस्थूल स्त्रीचे पाच ते नऊ किलोंनीच वाढावे. आपल्याकडील ठेंगण्या बांध्यास हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, परंतु त्यांतील तत्त्व लागू आहे: जिची पुंजी मोठी, तिने भर कमी घालावी. स्थूल स्त्रीने गरोदरपणी उपाशी राहून वजन उतरविण्याच्या भरीस मात्र पडू नये. तळलेले, गोडधोड व मैद्याचे पदार्थ कमी केले म्हणजे पुरे. जिला गरोदरपणी मधुमेह असल्याचे निदान झाले असेल, तिने आपला आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

घरोघर उष्मांक मोजीत बसणे कोणासही शक्य नाही, व त्याची आवश्यकताही नाही. वजनाचा काटा हाच खरा हिशेबनीस. उत्तरार्धात मध्यम बांध्याच्या स्त्रीचे वजन आठवड्यास सुमारे चारशे ग्रॅमनी वाढत असेल, तर अन्न ठीक पोहोचत आहे असे समजावे. महिनाभर वजन हललेच नाही, तर पान वाढवावे व तपासणीस जावे. आणि वजन एकाएकी उडी मारू लागले, चेहरा व हात सुजले, डोके दुखू लागले, तर तो अन्नाचा परिणाम समजून स्वस्थ न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तदाब वाढल्याचे ते लक्षण असू शकते.

आता बाळंतिणीकडे वळू. दुधाचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. केवळ अंगावर पिणारे मूल दिवसास सुमारे आठशे ग्रॅम दूध पिते. त्यात ५४० उष्मांक असतात. पण ते तयार करण्यात काही शक्ती खर्ची पडते, म्हणून आईस एकूण सुमारे ६७५ उष्मांक वेचावे लागतात. ज्या मातेने गरोदरपणी चरबीची पुंजी साठविली असेल, तिला त्यांतील १७० च्या आसपास त्या पुंजीतून मिळतात आणि तिचे वजन महिन्यास पाऊण किलोच्या आसपास आपोआप उतरते. तिला जेवणातून पाचशेच जादा हवेत. परंतु जी कृश आहे, जिच्याजवळ पुंजीच नाही, तिला पूर्ण पावणेसातशे जेवणातूनच मिळाले पाहिजेत. आपल्याकडील ६०० चा आकडा या दोहोंच्या मधला आहे. पोळी, वरण व दूध यांत मूठभर शेंगदाणे आणि एक केळे घातले की सहाशेची भरती झाली.

बाळंतिणीसाठी आपल्याकडे जे पदार्थ करतात, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, त्यांमागे पिढ्यांचा अनुभव आहे. कमी खाणाऱ्या स्त्रीस थोडक्या घासांत अधिक शक्ती मिळावी, ही त्यांतील योजना उत्तमच होय. पण डिंकाचा एक मध्यम लाडू पावणेदोनशे-दोनशे उष्मांकांचा असतो. तीन लाडू खाल्ले की दिवसाची सारी भर संपली, आणि वरण, भाजी, दूध, फळ यांना जागाच उरली नाही. पूर्वी हे लाडू खाणारी बाळंतीण सव्वा महिन्यानंतर जाते-मुसळ हाती घेत असे, हेही विसरून चालणार नाही. सशक्त बांध्याच्या स्त्रीस दिवसास एक लाडू पुरे. कृश स्त्रीने दोन खावेत. याहून हानिकारक म्हणजे कित्येक घरांतील पथ्य. पालेभाजी नको, कडधान्य नको, फळ तर नकोच, अशा वर्ज्याने बाळंतीण भात-तुपावर राहते. उष्मांक पुरतात, पण सत्त्वे पुरत नाहीत.

“मला दूध पुरत नाही, कारण मी खात नाही,” असे पुष्कळ माता म्हणतात. यातही अर्धेच सत्य आहे. गांबियातच स्तनदा मातांना पूरक अन्न देऊन पाहिले. त्याने दूध वाढले नाही. दूध वाढते ते मूल वारंवार व नीट पाजल्याने. मग आईने खाल्ले काय आणि न खाल्ले काय, सारखेच, असे कोणी म्हणेल. तसे नव्हे. अन्न कमी पडले तरी शरीर दूध देतच राहते, पण ते आपल्या मांसातून व हाडांतून देते. ब-जीवनसत्त्वे, अ-जीवनसत्त्व व आयोडीन यांच्या बाबतीत तर आईच्या आहारातील उणीव दुधातही उतरते. मुलाचे वजन ठीक वाढत आहे म्हणून आईचे ठीक चालले आहे, असे घरच्यांनी समजू नये. ती झिजत असते, आणि पुढचे मूल त्या झिजलेल्या शरीरात वाढावयाचे असते.

वजन उतरविण्याची ज्यांना घाई आहे त्यांनी निदान पहिले सहा आठवडे तरी धीर धरावा. त्यानंतर, दूध सुरळीत असल्यास, स्थूल मातेने आठवड्यास अर्धा किलो या गतीने वजन कमी केले तर मुलाच्या वाढीस बाध येत नाही असे दिसून आले आहे. मात्र अन्न अठराशे उष्मांकांच्या खाली नेऊ नये. तहान लागेल तसे पाणी प्यावे.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही कोष्टकात बसत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेस अंगणवाडीतून ६०० उष्मांकांच्या पूरक आहाराचा हक्क दिला. महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली अशा मातांसाठी एक वेळचा चौरस आहार सुरू झाला. हा आहार तेथेच बसून खावयाचा असतो, आणि यात मोठे शहाणपण आहे. कारण घरी नेलेला शिधा सर्वांच्या पानांत वाटला जातो, आणि जिच्या नावे तो आला तिच्या वाट्यास सर्वांत शेवटी येतो. आपल्या घरांतील वाढण्याचा क्रम आपणांस ठाऊक आहे: आधी पुरुष, मग मुले, मग सासू, आणि भांडी खरवडून उरेल ते सुनेला. ज्या भाजीच्या वाटीवर पोटातील जिवाचे हाड-मांस अवलंबून आहे, ती तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी पैसा लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. सासूबाईंनी एवढेच म्हणावयाचे, “सूनबाई, तू आधी बैस.” साडेतीनशे उष्मांकांचा प्रश्न पुष्कळ घरांत तेवढ्यानेच सुटेल.